नवाकोरा जुना फ्लेक्स

लासुर्ण्याच्या रावजी तात्यांना दूध सोसायटीच्या निवडणुकीत आबांच्या पॅनेलची उमेदवारी हवी होती. तीस वर्षं ते आबांच्या मागं फिरले होते. आबा गावात येणार म्हटल्यावर स्वागताचा फ्लेक्स ओघानंच आला. त्यावर भावकीतलं एक नाव सुटलं, तर तो माणूस नेमका मतदानादिवशी पाहुण्यांकडं जातो, हे तात्यांना पाठ होतं.

"सगळी नावं बसली पायजेत," त्यांनी बारामतीच्या फ्लेक्सवाल्या राजेश्वरीला बजावलं.

राजेश्वरी पुण्यात डिझाईन शिकून आली होती आणि ते कुणावर तरी वापरायला टपलेलीच होती. तिनं निवडलेलं अक्षर उंच, अंग चोरून उभं, हातानं काढल्यासारखं होतं. कडा खडबडीत, मधेमधे शाई उडालेली. सगळी भावकी बसली. तात्यांनी मोबाईलवर नावं तेवढी तपासली.

फ्लेक्स चौकात लागला. त्यांची बायको चंद्राबाई बघून म्हणाली, "शेळ्यांच्या खोपटावरचा काढला व्हय?"

"आगं, कालच छापलाय."

"मग विटल्याला का दिसतोय?"

दुपारपर्यंत गावभर झालं, की तात्यांनी आबांची बोळवण जुन्या फ्लेक्सवर केली. तात्यांनी राजेश्वरीला फोन लावला.

"तात्या, रफ स्टाईल आहे ती. पुण्यात मुद्दाम करून घेतात."

"पुण्यात फाटक्या पँटी बी मुद्दाम घालत्यात. हितं माजी इज्जत फाटली."

मग उसाच्या ट्रॉल्यांवर नंबर टाकणारा संदेश पेंटर आला. त्यानं लाल ऑइलपेंटनं प्रत्येक अक्षर मन लावून भरलं. आधीच दाटीनं उभी असलेली अक्षरं फुगली आणि एकमेकांत मिसळली. भावकी इतकी एकजीव कधीच झाली नव्हती.

"यात माजं नाव कुठलं?" चुलतभाऊ सावळारामनं विचारलं. ते कुणालाच सांगता येईना. पण फ्लेक्स चकाकत होता, आणि तात्यांना बरं वाटलं.

हा सगळा तमाशा मोहनराव टपरीवर बसून बघत होते. समोरच्या पॅनेलमधून ते गेल्याच आठवड्यात आबांकडं आले होते. जुनेपण छापून मिळतं, एवढं त्यांना कळलं आणि ते तडक बारामतीला गेले.

आबा आले. त्यांच्या लक्षात माणसं फारशी राहत नसत. तात्यांच्या फ्लेक्सपाशी रंगाचा वास आला तशी त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि ते मोहनरावांच्या फ्लेक्ससमोर थबकले. उडालेल्या शाईवरून हात फिरवताना त्यांचे डोळे भरून आले.

"मोहनराव, इतकी वर्षं जपून ठेवला?"

"निष्ठा जपली आबा, तिच्यासंगं ह्यो बी ऱ्हायला," मोहनराव खाली बघत म्हणाले.

उमेदवारी तिथंच जाहीर झाली. मग आबांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्यासारखी नवीन मंडळी जोडली जात्यात, बरं वाटतं. पुढच्या टायमाला बघू."

तात्यांना फार वाईट वाटलं. रात्री ते जेवले नाहीत. सकाळी पहिल्या एसटीनं ते राजेश्वरीच्या दुकानात हजर झाले.

"बाई, त्याच्याहून जुनं अक्षर हाय का?"

"आहे की, पार झिजलेलं. पण ते महाग पडतं, तात्या."

"पडू दे. आन भावकी नको, नुसतं माजं नाव टाक," तात्या म्हणाले. "पण तीस वर्षांचं दिसलं पायजे."