पोपटाचं वायरिंग

गॅरेजच्या फरशीवर उकिडवं बसून जावयाने दोन वायरी दिव्याखाली धरल्या. डोळे बारीक केले, मग मोठे केले आणि शेवटी डोळ्यांचा नाद सोडून, देवाचं नाव घेऊन त्या एकमेकींना जोडून टाकल्या.

गाडी सासऱ्यांची. दोनच माणसं मावतील अशी, जमिनीला टेकलेली, तरुणपणी हौसेने घेतलेली स्पोर्ट्स कार. घरात तिला पोपट म्हणत. नाव सासऱ्यांनीच ठेवलेलं. इंजिन जाम झाल्यापासून पोपट ताडपत्रीखाली मुकाट पडून होता. आता त्यात एका नव्या गाडीचं इंजिन बसवून झालं होतं, पण मेकॅनिकने वायरिंगपुढे हात टेकले. "नव्या इंजिनाच्या वायरी वेगळ्या, जुन्या गाडीच्या वेगळ्या. रंग बघून बघून वेड लागेल," तो म्हणाला.

सासरे हसले. "रंगांची काळजी आम्हाला नाही. आमच्या जावयाचं पेंटचं दुकान आहे."

मेख नेमकी तिथेच होती. जावयाला लाल आणि हिरव्यातला फरक जन्मापासून कळत नव्हता. दुकान वडिलोपार्जित, डब्यांवर नंबर असतात, म्हणून निभावलं होतं. गिऱ्हाईक आलं की शेडकार्डामागचा नंबर वाचून तो छातीठोकपणे सांगायचा, "हा तुमच्या हॉलला उठून दिसेल." लग्न ठरताना सासरे म्हणाले होते, "मुलाला रंगांची पारख आहे, माणसांचीही असेल." त्या एका वाक्यावर आपल्याला मुलगी मिळाली, असं तो धरून चालला होता. त्यामुळे त्याने बायकोलासुद्धा कधी ताकास तूर लागू दिली नाही. वायरींवर मात्र कुणी नंबर घालत नाही.

पहिल्या दिवशी तो मीटर घेऊन आला होता. एकेक वायर तपासत उशिरा का होईना, काम झालं असतं. पण सासरे समोर खुर्ची टाकून बसले. "पेंटवाल्याला हिरवी वायर ओळखायला मीटर लागतो होय, जावईबापू?" लाजेने त्याचे कान तापले. मीटर पिशवीत गेला तो गेलाच.

आणि आज, सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या वाढदिवशी, पोपट पहिल्या फटक्यात सुरू झाला. जावयाचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. उत्साहाच्या भरात त्याने सकाळीच दारावरचा पोचा बुजवून त्यावर दुकानातल्या पोपटी रंगाचा हातही मारला होता. डब्यावर नाव छापलेलं, त्यामुळे चुकायचा प्रश्नच नव्हता. सासऱ्यांनी दारावरून बोट फिरवलं. "बेमालूम," ते म्हणाले. "चला, ही तयार होईपर्यंत आपण एक चक्कर मारू. मग तिला फिरवून आणतो."

कोपऱ्यावर एक बाई रस्ता ओलांडत होती. सासऱ्यांनी अदबीने ब्रेक दाबला आणि पोपटाने तिच्यावर जोरात हॉर्न वाजवला. सासऱ्यांनी हात जोडून माफी मागितली. वळताना त्यांनी इंडिकेटर दिला, तर काचेवरचे वायपर खटाखट नाचायला लागले.

"हे नवीन इंजिनाचं आहे का?" सासऱ्यांनी विचारलं.

"थोडं सेटिंग राहिलंय," जावई गुडघ्यांकडे बघत म्हणाला.

सिग्नलला थांबले. ब्रेकवर पाय, म्हणून हॉर्न थांबेना. पुढच्या स्कूटरवाल्याने मान वळवली. "आजोबा, एवढी कसली घाई? लाल लागलाय, दिसत नाही?"

"दिसतोय हो. वरचा लागलाय," सासरे म्हणाले.

हॉर्न बंद व्हावा म्हणून त्यांनी किल्ली फिरवली, बाहेरच काढली. हॉर्न वाजतच होता आणि इंजिनही चालू होतं.

"जावईबापू, किल्ली माझ्या हातात आहे."

"हो, बाबा."

"मग हे कोण चालवतंय?"

धरणीने पोटात घ्यावं असं जावयाला वाटलं. पोपट इतका ठेंगणा होता की अंतरही फार नव्हतं. आजूबाजूचे लोक त्याच्या दाराकडे बोट दाखवून हसत होते. सिग्नल सुटला, हॉर्न थांबला, आणि त्या शांततेत तो एका दमात सगळं बोलून गेला. लाल, हिरवा, शेडकार्ड, नंबर, मीटर. "तुम्हाला फसवलं, बाबा. लाज वाटत होती."

सासऱ्यांनी गिअर बदलला. तेवढ्यात जावयाच्या मनात काहीतरी खटकलं. सिग्नलला 'वरचा' म्हणणारा माणूस त्याने आजवर एकच पाहिला होता, आरशात.

"बाबा, मघाशी तुम्ही 'वरचा' म्हणालात."

"म्हणालो. खुर्ची टाकून उगाच बसलो नव्हतो. तुम्ही जोडाल ते बघून कुठली वायर कुठली, ते शिकून घ्यावं म्हटलं. कुणाला विचारायची सोय नव्हती." मग हळूच म्हणाले, "हिला यातलं काही कळता कामा नये."

"नाही कळणार," जावई म्हणाला.

गाडी फाटकात हॉर्न वाजवतच आली. सासऱ्यांनी गिअर तसाच ठेवून क्लच सोडला, तेव्हा कुठे एक आचका देऊन इंजिन बंद पडलं. नटूनथटून उभ्या असलेल्या सासूबाई गाडीला वळसा घालून दाराशी आल्या आणि थांबल्या.

"लालभडक गाडीला हे हिरवं ठिगळ कुणी लावलं?"

"लाल?" जावई म्हणाला.

"लाल?" सासरे त्याहून हळू म्हणाले. "हिरवी म्हणून घेतली होती मी. म्हणून तर पोपट."

सासूबाईंनी एकदा नवऱ्याकडे, एकदा जावयाकडे पाहिलं. "मला वाटायचं, तुम्ही गंमत करता. इतकी वर्षं हसत आले मी त्या नावाला. सांगितलं का नाहीत?"

"लाज वाटली," सासरे म्हणाले. आपलाच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकून जावयाला कसंसंच झालं.

"आणि दर वाढदिवसाला 'हा रंग तुला शोभतो' म्हणायचात, ते?"

"शोभायचं ते खरंच होतं. रंगाचं मला माहीत नाही."

सासूबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. आत जाऊन चष्मा घेऊन आल्या आणि नव्या कपड्यांनिशी गॅरेजमधल्या सासऱ्यांच्या खुर्चीवर बसल्या. "फिरायला मला याच गाडीतून जायचंय. उघडा ते पुढचं झाकण."

सासऱ्यांनी बॉनेट उघडून धरलं. जावयाने सगळे जोड सोडवले, गुंत्यातून एक वायर ओढून वर धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माणसाला विचारलं, "आई, ही कुठली?"