गोदी टिटवीचं अंडं आणि तीन टकटकी

एका जंगलात, बाळगोपाळांनो, सुतारपक्ष्यानं टकटक चाचणी काढली. अंड्यावर तीनदा चोच मारायची, कान लावायचा, की झालं! आतलं पिल्लू कसं निघणार ते हा चुटकीसरशी सांगायचा. वेड इतकं लागलं, की कोकिळासुद्धा कावळ्याच्या घरट्यात अंडं टाकताना सोबत रिपोर्ट ठेवू लागली.

गोदी टिटवीचं हे पहिलंच अंडं. माळावर, खड्यांत घातलेलं. नवरा म्हणाला, "करून टाकू गं, सगळेच करतात."

टक, टक, टक.

"पिल्लाच्या घडणीत एक धागा जास्त आहे," सुतारपक्षी म्हणाला.

"अगं बाई! म्हणजे काय हो?" गोदीनं अंडं पंखाखाली ओढलं.

"ते मला काय ठाऊक? माझ्याकडे फक्त लवकर कळतं!"

झालं! अंडं उबवायचं की ओढ्यात सोडायचं, हे ठरवायला गोदीभोवतीच सभा भरली. अध्यक्ष गेंडा. गोदीला विचारलं म्हणता? छे! ती आपली अंड्यावर बसून होती.

"पोर कसं सरळ निपजायला हवं," उलट्या टांगलेल्या वटवाघळीण काकू म्हणाल्या.

"पायांचं बघा हं," करकोचा एका पायावर उभा राहून म्हणाला.

"मंद निघालं तर?" कासवानं विचारलं. एवढं विचारायला त्याला दोन दिवस लागले.

चाचणीला तीन टकटकी, चर्चेला अठ्ठावीस दिवस! शेवटी गेंडा ठराव वाचायला उठला, तोच गोदीच्या पोटाखाली कुरकुर झाली. पिल्लू बाहेर!

टिटवीची पिल्लं जन्मली की धूम पळतात. हे दोन पावलं चाललं, धपकन बसलं, गेंड्याच्या पायावर डोकं टेकून खुदकन हसलं.

"रिपोर्ट बरोब्बर!" सुतारपक्षी नाचायलाच लागला.

"ठराव होईपर्यंत याला परत आत घाला," गेंडा म्हणाला. पाय मात्र त्यानं हलवला नाही.

आता गोदी उठली. अठ्ठावीस दिवसांत पहिल्यांदा.

"अहो, आभाळ पडू नये म्हणून पाय वर करून झोपणारी आमची जात! आभाळ पेलते मी, हे एवढंसं पोर पेलणार नाही होय? आणि सुतारभावजी, चोच शिवशिवतेय ना? मग आता सभेला टकटक करा. एकेकाला. कासवापासून!"

सुतारपक्षी खूश! चोच उगारून निघाला. मग काय विचारता! वटवाघळीण काकू सरळ झाल्या, करकोच्यानं दुसरा पाय काढला, सगळी सभा उधळली. सगळ्यांत पुढे कासव होतं!

गेंडा तेवढा जागचा हलला नाही. पायावर पोर झोपलं होतं ना!

तात्पर्य: चाचणीला मुळीच घाबरू नये. अंडं दुसऱ्याचं असेपर्यंत तिच्यात काहीही धोका नसतो.