खडे आम्हीठ

निरंजनला दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार मिळत असे. तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये तो टेस्टर होता. इतरांनी बनवलेलं सॉफ्टवेअर कुठे अडखळतं ते शोधायचं आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर शांतपणे सांगायचं, हे त्याचं काम. आठ वर्षं हे केल्यावर माणसाला वाटू लागतं की चुका या फक्त इतरांच्या होतात. निरंजनलाही तसं वाटत असे, आणि त्याची बायको दिपाली अजून काही बोललेली नव्हती.

सासूबाईंचे मसाले ऑनलाइन विकायचे ही कल्पना त्याचीच. यशोदाबाई मूळच्या माण तालुक्यातल्या. नवऱ्याला चिंचवडच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा काळेवाडीत आल्या, आणि गेली अठरा वर्षं गल्लीतल्या शालनबाईंना हाताशी घेऊन काळा मसाला, मेतकूट, सांडगे करत होत्या. निरंजन त्यांना मामी म्हणे, म्हणून दुकानाचं नाव ठेवलं ‘यशोदामामींचे मसाले’. दिपालीने आईला फोनसमोर बसवून बोलतं केलं, तिचं बोलणं जरा इस्त्री करून लिहून काढलं, आणि बत्तीस वस्तूंचा मजकूर तयार झाला. ‘मिरची मी स्वतः निवडते. देठ मीच खुडते. मीठ कमी घालते. मसाला नेहमी सावलीत निववते.’ वाचलं की यशोदाबाई समोर बसून बोलताहेत असं वाटे.

निरंजनला नेमकं तेच खटकलं. चिंचवडच्या एका मोठ्या सोसायटीने रविवारच्या कार्यक्रमासाठी साठ पाकिटं काळा मसाला सांगितला होता. एवढ्या ऑर्डरी घेणारं दुकान आणि मजकूर मात्र ‘मी, मी’! एखादी मोठी कंपनी कधी मी म्हणते का?

"आम्ही म्हणायचं असतं," त्याने बुधवारी सकाळी दिपालीला समजावलं. दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘शोधा आणि बदला’ नावाची सोय होती. एक शब्द सांगायचा, त्याऐवजी दुसरा सांगायचा, बटण दाबायचं. बत्तीस वस्तूंचं काम दोन मिनिटांत.

दिपालीने विचारलं, एकदा बघून घेणार ना? तो नुसता हसला. बघणं हा त्याचा धंदाच होता.

जेवणाच्या सुट्टीत त्याने कँटीनमध्ये बसून ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ सांगितलं. खाली एक छोटी चौकट होती, ‘फक्त पूर्ण शब्द’. त्यावर खूण करायला बोट नेलं आणि तो थबकला. मराठीत शब्दाला शेपट्या लागतात. पूर्ण शब्दच बदलले तर ‘मीच’ तसाच राहील, ‘मीसुद्धा’ तसाच राहील. असला बारकावा आपल्याच लक्षात येतो, याचं त्याला कौतुक वाटलं. चौकट मोकळी ठेवून त्याने बटण दाबलं आणि मीटिंगला गेला. दुकानाने त्याचं काम चोख केलं, शिवाय मजकूर बदलल्याचा निरोप सगळ्या गिऱ्हाइकांना आपणहून पाठवला.

पहिला फोन आला तो ऑर्डर देणाऱ्या सोसायटीतल्या मधुसूदन काकांचा. ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी आवाज अगदी मऊ ठेवून विचारलं की हे आम्हीठ म्हणजे काय असतं?

निरंजनने मीटिंगमध्येच दुकान उघडलं. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘यशोदामाआम्हींचे मसाले’. त्याखाली, ‘देठ आम्हीच खुडते. आम्हीठ कआम्ही घालते. मसाला नेहआम्ही सावलीत निववते. शुद्धतेची हआम्ही.’ खडे मीठ होतं तिथे ‘खडे आम्हीठ’ झालं होतं, आणि त्याला तासाभरात चार ऑर्डरी आल्या होत्या. एका बाईंनी खाली विचारलं होतं, हे डोंगरातलं जुनं धान्य का? मधुमेहाला चालतं का?

सॉफ्टवेअरमध्ये मागची प्रत परत आणण्याची सोय होती. ती वापरून त्याने सगळं पहिल्यासारखं केलं, काकांची माफी मागितली आणि आम्हीठवाल्या चौघांना फोन करून ते मीठच आहे हे कळवलं. संध्याकाळी दिपालीला त्याने सांगितलं की किरकोळ अडचण होती, सोडवली. विषय संपला असं त्याला मनापासून वाटलं.

गुरुवारी शालनबाई कामाला आल्या नाहीत.

अठरा वर्षांत असं झालं नव्हतं. साठ पाकिटांची मिरची पसरून पडली होती, आणि मसाल्याची भाजणी शालनबाईंच्या हाताशिवाय जमत नाही हे यशोदाबाईंना पुरतं ठाऊक होतं. निरोप पाठवला तर उत्तर आलं, आता येणार नाही. संध्याकाळी निरंजन कामावरून परस्पर काळेवाडीत आला तेव्हा सासूबाई चपला घालून दारातच उभ्या होत्या. रविवार हातचा जाणार याची चिंता होतीच, पण चेहरा त्याहून मोठ्या काळजीचा होता. दोघं शालनबाईंच्या खोलीवर गेली.

शालनबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी बसा म्हटलं, पण वर पाहिलं नाही. मग हळूहळू कळलं ते असं. बुधवारी दुपारी त्यांच्या लेकीने, नेहाने, फोनवरचा मजकूर वाचून दाखवला होता. बाकीच्याचा काही अर्थ लागला नाही, पण ‘आम्ही स्वतः निवडते’ एवढं स्पष्ट होतं. शालनबाईंनी ते गल्लीतल्या पाच घरी जाऊन ऐकवलं. आम्ही म्हणजे वैनी आणि मी. मग संध्याकाळी सहाव्या घरी वाचायला घेतलं तर पुन्हा ‘मी’.

"मला पुसायचंच व्हतं, तर आदी लिवलं कशाला, वैनी?"

निरंजनने सगळं सांगितलं. लिहिणारा तो, पुसणाराही तो, मामींना यातलं काहीच माहीत नाही. मशीनने सरसकट बदललं, मशीनने परत आणलं.

"मशीनला काय ठावं मी कोन हाय," शालनबाई म्हणाल्या.

यशोदाबाईंनी ताटातले चार तांदूळ आपल्यापुढे ओढले आणि निवडू लागल्या. "मशीनला न्हाई ठावं," त्या म्हणाल्या. "पर मला ठावं व्हतं. बोलताना माज्या तोंडात मीच आला. जावईबापू, आमी लिवा. पर हातानं लिवा."

मग निरंजन तिथेच जमिनीवर मांडी घालून बसला आणि एकेक शब्द हाताने बदलू लागला. निवडते नाही, निवडतो. खुडते नाही, खुडतो. प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायची, दोघींनी मान हलवली की पुढे जायचं. कंपनीत त्याच्या कामाची एवढी कडक तपासणी कधी झाली नव्हती. ‘मीठ कमी घालते’ आलं तेव्हा शालनबाई उगाच खोकल्या. यशोदाबाईंनी जरा मान वळवली. "तितं शालनचं नाव टाका," त्या पुटपुटल्या. "तीच घालती." शालनबाईंनी उठून चहा ठेवला.

बत्तीसावी वस्तू संपली. आता एकच ओळ उरली होती, सगळ्यात खालची : ‘काही तक्रार असल्यास मला फोन करा.’

त्याने विचारलं, इथे काय करू? मला, की आम्हाला?

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच शालनबाई हसल्या.

"तितं मलाच ऱ्हाऊ द्या," यशोदाबाई म्हणाल्या. "फकस्त नंबर तुमचा टाका, जावईबापू."

त्याने टाकला.