उजव्या डोळ्यांची तूट

"या खेपेला बँकेला माझ्याकडून फुटकी कवडी मिळणार नाही!" बाहुलीकाकांनी जाहीर केलं. आणि कुठे, तर कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात. तिथे ऐकायला रिकामटेकडी चार माणसं कायम हजर असतात.

बाहुलीकाकांच्या घरात पुढच्या खोलीत कापडी बाहुल्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन शिलाई मशिनं, कापसाची पोती आणि काकू. बाहुल्या काकू करायच्या. काका 'व्यवहार' बघायचे. बाहुल्यांचं कापड, केस, बूट, सगळं इथलंच. डोळे तेवढे परदेशचे. समुद्रापलीकडे एक म्हातारी ते काचेचे डोळे करायची, आणि इतके जिवंत करायची की त्या खोलीत कपडे बदलायला काकूंना लाज वाटायची.

डोळे उत्तमच होते. काकांचं दुखणं होतं ते म्हातारीला पैसे पाठवण्याचं. आपली बँक पाठवायचे पैसे घ्यायची. चलन बदलायचे वेगळे घ्यायची. शिवाय वाटेत कुठेतरी एक मधली बँक लागायची. तिचं तोंड आजवर कुणी पाहिलं नव्हतं, पण हात मारायला ती बरोबर हजर!

"मी डोळे विकत घेतोय की यांना इमारत बांधून देतोय?" काका दर जेवणाला विचारायचे.

"अहो, भरून टाका आणि जेवा," काकू म्हणायच्या. "दुकानवाल्या बाईंची ऑर्डर डोक्यावर आहे."

ऑर्डर खरंच डोक्यावर होती. खेळण्यांच्या मोठ्या दुकानाच्या मालकीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, की महिनाअखेरीला सगळ्या बाहुल्या आल्या तर वर्षभराचं काम तुमचं. नाहीतर मी प्लॅस्टिकच्या घेते, त्या वेळेवर येतात. बाई हे हसत बोलल्या नव्हत्या. बाईंना हसताना कुणी पाहिलंच नव्हतं. काकूंनी मात्र त्या रात्री मशिनला तेल दिलं आणि त्याच्यावरून उगाचच हात फिरवला.

तर काकांनी शोध लावला तो असा. पैसे पाठवताना बँकेच्या पानावर एक प्रश्न यायचा, की खर्च कुणाकडे? पाठवणाऱ्याकडे, घेणाऱ्याकडे, की निम्मा निम्मा? इतकी वर्षं काका भिडेखातर 'पाठवणाऱ्याकडे' दाबत आले होते. या वेळी त्यांनी 'घेणाऱ्याकडे' दाबलं आणि लढाई जिंकल्यासारखे खुर्चीत मागे रेलले.

"म्हणजे त्या बाईला कमी मिळतील ना?" काकूंनी विचारलं.

"परदेशातली माणसं ती! त्यांना थोडं इकडेतिकडे झालेलं कळतही नाही!"

पार्सल आलं. काकूंनी ते चादरीवर ओतलं आणि जोड्या लावायला बसल्या. लावता लावता त्यांचा हात थांबला.

"अहो, डावे भरपूर आहेत. बाकीचे उजवे कुठायत?"

"असतील की तळाशी!"

तळाशी नव्हते. काकांनी खोका उलटा केला, झटकला, आतला भुसा चाळला, शेवटी खोक्यात डोकं घातलं. काहीच नाही. आणि हे डोळे बदामी आकाराचे, नाकाकडे टोक असलेले. डाव्याच्या जागी डावाच लागतो.

"डावाच उलटा करून लाव गं! लहान मुलांना काय कळतंय!"

काकूंनी एक लावून दाखवला. बाहुली एका डोळ्याने काकांकडे आणि दुसऱ्याने मोरीकडे बघू लागली.

"तुमची आत्या!" काकू म्हणाल्या. "हुबेहूब!"

मग संध्याकाळी मुलगी कामावरून आली. तिने मोबाईलवर भाषांतराची सोय लावली आणि म्हातारीला फोन जोडला. काका तावातावाने बोलले. पलीकडून म्हातारी शांतपणे काहीतरी म्हणाली. मोबाईल आपल्या कोरड्या आवाजात वदला, "पैसे कमी आले. डोळे कमी गेले."

"पण कमी ते सगळे उजवेच का?"

"डावे आधी भरते. तोवर तुमचे पैसे संपले."

मुलीने भिंतीकडे तोंड केलं, पण तिचे खांदे हलत होते.

"बाबा, आता उरलेले पाठवा. सरळ 'पाठवणाऱ्याकडे' दाबा."

काका बसले पाठवायला. बघतात तर काय, तुटीची रक्कम एवढीशी आणि तिच्यावरचे चार्जेस तिच्याहून मोठे! म्हणजे मुलापेक्षा त्याचं दप्तर जड! काकांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. सगळा खर्च आपण सोसायचा हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. मुलगी पाणी प्यायला गेली तेवढ्यात त्यांनी 'निम्मा निम्मा' दाबून टाकलं!

दुसरं पाकीट पोचलं तेव्हा ऑर्डर द्यायला जेमतेम एक दिवस राहिला होता. घरात कुणी जेवलं नाही. काकू उजवे डोळे शिवत सुटल्या, मुलगी केस विंचरत सुटली, काका बूट घालत सुटले. त्यातही दोनदा डावा बूट उजव्या पायात! शेवटची बाहुली हातात घेऊन काकूंनी पाकिटात बोटं घातली. पाकीट रिकामं.

"एक कमी आहे," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे नीट बघत म्हणाल्या, "निम्मा निम्मा ना?"

काका एकदम बुटांच्या नाड्या बांधू लागले.

काकूंनी काळा दोरा ओवला आणि उजव्या डोळ्याच्या जागी बारीक टाक्यांची एक वाकडी, मिटलेली पापणी भरली. बाहुली डोळा मारू लागली. ती त्यांनी शेवटच्या खोक्यात अगदी तळाला घातली, वर इतर बाहुल्या रचल्या आणि हात जोडले.

दुकानवाल्या बाईंनी नेमका शेवटचा खोका उलटा करून उघडला! तळाची बाहुली सगळ्यांत वर! काकू काउंटरला धरून उभ्या राहिल्या. वर्षभराचं काम आता त्या एका पापणीवर अडकलं होतं.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"ते..." काका म्हणाले. "ते... ती डोळा मारते."

बाईंनी बाहुलीकडे बघितलं. बाहुलीने बाईंकडे. आणि बाई हसल्या हो! अशा हसल्या की नोकर आतून धावत आले.

"काम पक्कं," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या खेपेला सगळ्या अशाच! डोळा मारणाऱ्या!"

रस्ताभर काका जमिनीवर नव्हतेच. "बघितलंस? आता एका बाहुलीला एकच डोळा! खर्च निम्मा! हे सगळं कुणामुळे?"

"तुमच्यामुळेच हो," काकू म्हणाल्या.

घरी पोचल्या पोचल्या काकांनी म्हातारीला निरोप धाडला, की यापुढे फक्त डावे डोळे पाठवावेत. उत्तर सकाळी आलं. मुलीने वाचून दाखवलं.

"डावे मिळतील. जोडी फोडण्याचे वेगळे चार्जेस. मागे राहिलेले उजवे सांभाळण्याचे वेगळे. बँकेचा खर्च पूर्ण पाठवणाऱ्याकडे. पैसे पुरे आले नाहीत तर या वेळी डावे कमी पाठवीन."

काकांनी निरोप पुन्हा वाचायला लावला. मग त्यांच्या चेहऱ्यावर भलताच आदर उमटला.

"बाई पक्की आहे! आपल्या घरात शोभली असती!"

"नको," काकू मशिनवरून न उठताच म्हणाल्या. "असा एक आहे तेवढा पुरे."

काकांनी बँकेचं पान उघडलं. 'पाठवणाऱ्याकडे' वर बोट नेलं, आणि दाबताना डोळे मिटून घेतले.

दोन्ही.