अण्णांचं प्रेशर किलोत

आमचे शेजारी बाळगोंडा अण्णा कुणाला ‘बरं हाय न्हवं?’ असं विचारत नाहीत. ते विचारतात, ‘प्रेशर किती?’ आणि तुम्ही भाबडेपणानं आकडा सांगितलात की मेलात. लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘ते झालं पाऱ्यात. किलोत किती?’

अण्णांची अख्खी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली. तिथं वाफेचं प्रेशर किलोत, म्हणजे चौरस सेंटिमीटरला किती किलो असं मोजायचे, आणि उसाचा रस आटवायच्या पॅनमधला व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचात. दिवसभर ह्याचं त्यात आणि त्याचं ह्यात करायचं. ‘एक किलो म्हंजे पारा एकोणतीस इंच’ हे ते पाढ्यासारखं म्हणतात. नोकरी सुटली, बॉयलर सुटला, पण हे काही सुटलं नाही.

मी शाळेत इतिहास शिकवतो. हिशेबाचं आणि माझं लहानपणापासून वाकडं. एकदा अण्णांना स्कूटरवर मागे घेऊन मी चाकात हवा भरायला थांबलो. पंक्चरवाला म्हणाला, ‘बत्तीस मारतो.’

‘बत्तीस काय, पावणं? इंच का किलो?’ अण्णा उतरलेच.

‘बत्तीस म्हंजे बत्तीस!’

अण्णांनी बोटांवर काहीतरी केलं आणि ओरडले, ‘बत्तीस पौंड म्हंजे सव्वादोन किलो! म्हंजे पाऱ्याचा खांब पासष्ट इंच! अवो सर, आमची घरातली बी तेवढी उंच न्हाय!’ पंक्चरवाल्यानं नळी काढली आणि माझ्याकडे ‘ह्यांना कुठं नेताय?’ अशा नजरेनं बघितलं. मला तरी कुठं ठाऊक होतं!

पुढे शाळेतल्या तपासणीत माझं ब्लडप्रेशर एकशे चाळीस निघालं. मी तडक अण्णांकडे गेलो. अण्णा मात्र खदाखदा हसले. ‘एकशे नव्वद ग्रॅम! कुकरची शिट्टी एक किलोला वाजती, सर. ह्यात शिट्टी बी हलायची न्हाय!’ च्यायला, मला ते एकदम पटलं. त्या आनंदात मी तिखट रस्स्यातला कटवडा हाणला. डॉक्टरांनी झापलं तेव्हा त्यांचंही पटलं. माझं हे असंच असतं, शेवटचा जो बोलेल त्याचं खरं.

पण अण्णांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, एकशे साठ निघालं, डॉक्टरांनी रोजची गोळी दिली, आणि तिथंही अण्णांनी तेच केलं. ‘सव्वादोनशे ग्रॅम बी न्हाय. एवढ्याला गोळी कशाला खातीस?’ काकूंनी गोळी बंद केली.

मी भांडायला गेलो. काकू भाकरी थापत होत्या. शांतपणे म्हणाल्या, ‘जल्म गेलाय त्यांचा प्रेशरात. त्यांना कळत न्हाय व्हय?’ मी तोंडात मारल्यासारखा परत आलो. बरोबर कोण आणि चूक कोण, मला काही ठरवता येईना.

ते एका सकाळी ठरलं. अंगणात कपडे वाळत घालता घालता काकू खाली बसल्या. तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना. गल्लीतल्या कुणीतरी गाडी काढली आणि आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं.

आत त्यांना तपासत होते, बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं. नर्स बाहेर आली, म्हणाली, ‘प्रेशर दोनशे दहा आहे.’

मी सवयीनं अण्णांकडे बघितलं. आता बोटं हलतील, आता आकडा येईल. काहीच आलं नाही. मला वाटलं, घाबरून विसरले असतील. माझी अक्कल बघा, मी मोबाईल काढला आणि म्हणालो, ‘अण्णा, थांबा, मी किलोत करून सांगतो.’

‘नको, सर.’

‘अहो, कमी वाटेल तेवढंच…’

‘नको म्हनतोय न्हवं!’ आणि अण्णा हमसून हमसून रडायला लागले. ‘एकवीस किलोचा बॉयलर सांभाळला मी. कवा भ्यालो न्हाय. आणि हे एवढंसं… एवढ्याशानं माणूस कसं वो पडतंय? मला कळंना झालंय. तिला म्हनलो, मला सगळं कळतंय. तिनं आईकलं माझं.’

मी नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलो.

बऱ्याच वेळानं नर्स परत आली. ‘उतरतंय हळूहळू. शुद्धीवर आहेत, तुम्हाला विचारत होत्या.’

‘किती झालं?’ मी विचारलं.

अण्णांनी माझा दंड घट्ट धरला. ‘आकडा नको,’ म्हणाले. मग माझ्याकडे वळून, लहान पोरासारखं, पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले, ‘उतरतंय म्हनली न्हवं, सर? तुम्ही बी आईकलं न्हवं?’