तात्यांची मोकळी चौकट

आमच्या झरीतल्या वायरमन तात्यांच्या घराला चाळीसेक दिवस पुढचं दार नव्हतं, आणि त्याला कारण मी होतो. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही तात्यांना हसाल, आणि ते काम मी एकट्यानं पुरेसं केलेलं आहे.

तात्या माझे शेजारी. उभा जन्म विजेच्या खांबांवर गेला. बायको वारल्यापासून एकटेच राहतात. निवृत्त झाल्यावर पुतण्यानं त्यांना मोबाईल घेऊन दिला आणि त्यात एके दिवशी त्यांना फेंगशुई सापडली. पुढचं दार हे घराचं तोंड, सगळी ऊर्जा तिथूनच आत येते, असं एक बाई हिंदीतून सांगत होती. दुसऱ्या कुणी ऐकून सोडून दिलं असतं. तात्यांना त्यात आपलंच खातं दिसलं.

"ऊर्जा म्हंजे काय वो गुरुजी? करंटच की. पुढच्या दारानं फेज आत येतो, मागच्या दारानं न्यूट्रल बाहीर जातो. उंबरा म्हंजे अर्थिंग. चिन्यांनी उगं अवघड करून ठिवलंय."

तेव्हापासून तात्या कुणाच्याही घरी थेट आत शिरेनात. आधी बाहेर उभे राहून दार न्याहाळायचे. दारात चपलांचा ढीग दिसला की "लोड लय झालाय." दार कुरकुरलं की "फेज कमी येतोय," आणि खिशातून तेलाची कुपी काढून बिजागरीत दोन थेंब. सरपंचांच्या दारासमोरच आरसा होता. तात्या म्हणाले, "करंट आत येतोय अन् आरसा त्याला माघारी धाडायलाय. मग इलेक्शनला काय व्हईल?" सरपंचांनी त्याच दिवशी आरसा न्हाणीघरात नेला.

दारात वाऱ्यावर वाजणारी चिनी घंटा हवी होती, ती परभणीत मनासारखी मिळेना. तात्यांनी विकलेल्या बैलांची घुंगरमाळ चौकटीला टांगली. वारं नसलं की येता-जाता स्वतःच हलवायचे.

इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण एक दिवस शाळेतून आलो तर माझंच दार तांबडंलाल. तात्यांच्या सांगण्यावरून आमच्या सुनंदाबाईंनी, म्हणजे माझ्या बायकोनं, रंगवून घेतलं होतं. चपला ठेवायची फळी गोठ्यात गेली होती, म्हणजे एप्रिलच्या उन्हात तिथून अंगणातली फरशी अनवाणी तुडवत घरात यायचं. वर्गातल्या पोरांनी विचारलं, "सर, तुमच्या घरी दवाखाना निघाला का?"

त्याच संध्याकाळी तात्या आले. मी पेपर तपासत होतो, पाय भाजलेले होते.

"गुरुजी, तुमी भूगोलाचे. तुमाला चीन ठाव हाय. घरातलं माणूस बाहीर गेलं अन् परत येईना झालं, तर तिकडं दाराचं काय करत्यात?"

मी मान वर न करता म्हणालो, "दार काढून ठेवतात. बिजागऱ्यांसकट. माणूस येईपर्यंत चौकट मोकळी ठेवायची."

"बरं," तात्या म्हणाले आणि गेले.

सकाळी खडखडाटानं जागा झालो. तात्यांनी दार काढून भिंतीला टेकवलं होतं आणि मोकळ्या चौकटीत खुर्ची टाकून बसले होते.

पहिल्याच दिवशी एक शेळी आत गेली आणि भाग्याचा म्हणून आणलेला बांबू खाऊन आली. कुणाची तरी कोंबडी आत अंडं घालून गेली. कुत्री तर सोयऱ्यांसारखी येऊ-जाऊ लागली. तात्या हातात काठी घेऊन शांतपणे म्हणायचे, "तुमच्यासाठी न्हाई उघडं ठिवलेलं."

मी हा किस्सा शाळेत रंगवून सांगितला. एवढ्यावर न थांबता फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'झरीतला चीन.' गाव दोन दिवस हसत होतं.

सुनंदानं फोटो पाहिला आणि मोबाईल माझ्यासमोर ठेवला. "अहो, त्यांना दाराचा नाद का लागलाय, तुम्हाला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. आम्ही झरीला येण्याआधी तात्यांच्या मुलीनं, रेखानं, स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं होतं. लग्न करून दोघं पाया पडायला आले, तेव्हा तात्यांनी आतून कडी लावली. ती दोघं तासभर बाहेर उभी राहिली. तात्या आत दाराला पाठ लावून बसून होते. मग ती नाशिकला गेली, ती पुन्हा आलीच नाही. तात्यांनी फोनही कधी केला नाही. कुठल्या तोंडानं करणार?

त्या दिवसापासून मी मागच्या दारानं शाळेत जाऊ लागलो. रोज ठरवायचो, तो उपाय मी मनानंच रचला होता हे आज सांगून टाकू. पण समोर तो माणूस खुर्चीत ताठ बसलेला, दाढी केलेली, धुतलेला शर्ट घातलेला. सांगणार कसं?

सदतिसाव्या दिवशी दुपारी ऑटो थांबला. रेखा उतरली, हाताला चारेक वर्षांची पोर. कुणीतरी तिला तो फोटो पाठवला होता. तिनं शेजारीण म्हणून सुनंदाचा नंबर मिळवून फोनवर विचारलं होतं, आमच्या घराला दार का नाही, म्हणून. सुनंदानं सांगितलं होतं, तुझी वाट बघतायत म्हणून.

ती चौकटीपाशी थबकली. तात्या उठले. त्यांनी खुर्ची बाजूला सरकवली.

"ये की," म्हणाले. "दार न्हाईच हाय."

पोरीनं विचारलं, "आजोबा, तुमचं दार कुठंय?"

"तुझ्या आईला आणायला गेलतं, बाई."

मग सुनंदा रडली, रेखा रडली आणि तात्या घुंगरमाळ हलवत सुटले.

संध्याकाळी ते पेढे घेऊन आमच्याकडं आले आणि माझ्या पायाला हात लावू लागले. सगळ्या गावात सांगत फिरले, "गुरुजींचा उपाय." चौथ्या दिवशी बोरीहून एक माणूस मोटारसायकलवर मला शोधत आला. त्याचा भाऊ त्याच्याशी बोलत नव्हता. "सर, आमचं दार लोखंडी हाय. चालतंय का?" मी त्याला सांगितलं, दार राहू द्या, भावाच्या घरी जा. तो नाराज होऊन गेला. उपाय त्याला फारच साधा वाटला असावा.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी दार बसवायला मला बोलावलं. मी दोन्ही हातांनी दार उचलून धरलं. ते खाली वाकून बिजागरी लावत होते, तोंडात चार स्क्रू. आत रेखाची पोर कोंबडीमागं पळत होती.

"तात्या," मी म्हणालो, "तसा नियम चीनमध्ये नाही. मी रागात मनानं सांगितला होता. फोटोसुद्धा हसायलाच टाकला होता."

तात्यांचे हात थांबले. त्यांनी वर पाहिलं. तोंडात स्क्रू होते, त्यामुळं त्यांना बोलता येईना, आणि दार हातात होतं, त्यामुळं मला पळता येईना.

"माझं चुकलं, तात्या," मी म्हणालो. "मला माफ करा."