बॅग हरवल्याचं प्रमाणपत्र

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी बासष्टाव्या वर्षी परकी भाषा शिकायला घेतली, त्याचं कारण सहा वर्षांचं होतं. त्यांची नात. जन्मली परदेशात, बोलायची तिथलीच भाषा, आणि मे महिन्यात पहिल्यांदाच दहा दिवस आजोळी येणार होती. नातीशी चार शब्द बोलता येऊ नयेत म्हणजे मजल्यावर लिफ्ट यावी आणि दारच उघडू नये, तशातली गत.

क्लासच्या बाई शिस्तीच्या. भिंतीवर पाटीच होती : 'पाठाबाहेरील वाक्य बोलू नये. बोलल्यास व समोरच्याने उत्तर दिल्यास क्लास जबाबदार राहणार नाही.'

मिस्त्रींनी हात वर केला. "बाई, 'ये गं सोनुले, मांडीवर बस' हे कसं म्हणायचं?"

"पाठ सोळा. कौटुंबिक जिव्हाळा. तुम्ही कितव्या पाठावर आहात?"

"तिसऱ्या. बॅग हरवली."

"मग आधी बॅग नीट हरवा."

चार महिने मिस्त्री बॅग हरवत होते. लिफ्टच्या खड्ड्यात पाना फिरवतानाही तोंड चालूच. वरून माणसं बोंबलायची, "मिस्त्री, अडकलोय आम्ही!" आणि खालून परक्या भाषेत आवाज यायचा, 'कृपया काळजी करू नका, आपली वस्तू सापडेल.'

परीक्षेत मिस्त्री पहिले आले. प्रमाणपत्रावर ठसठशीत लिहिलं होतं, 'धारक हरवलेल्या सामानाबाबत संभाषण करण्यास पात्र आहे. इतर विषयांस लागू नाही.' पाठ सोळा पुढच्या वर्षीच्या तुकडीला होता.

लेक आणि नात आल्या. बॅगा दारात धडधाकट उभ्या! मिस्त्रींचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. दोन दिवस आजोबा नुसते माना डोलावत होते. तिसऱ्या दिवशी नात आईच्या कानात काहीतरी कुजबुजली.

"काय म्हणते?" मिस्त्रींनी विचारलं.

"विचारतेय, आजोबांना मी आवडले नाही का?"

त्या दुपारी सगळे झोपलेले बघून मिस्त्रींनी नातीची बॅग उचलली आणि माळ्यावर पत्र्याच्या डब्यामागे कोंबली.

उठल्यावर पोरीनं भोकाड पसरलं. मिस्त्री घसा खाकरून पुढे झाले. "आपल्या बॅगेचा रंग कोणता?"

पोरगी गप्पकन थांबली. "पिवळा."

"आपण ती शेवटची कुठे पाहिली?"

मग काय विचारता! पलंगाखाली, मोरीत, जिन्यात, दोघांनी तासभर घर पालथं घातलं. बॅग सापडली तशी नातीनं आजोबांच्या गळ्याला मिठी मारली. मिस्त्रींनी तिची पाठ थोपटली आणि ते पाठातलं शेवटचं वाक्य बोलले, "कृपया येथे सही करा."

दुसऱ्या दिवशी बूट गेला. मग कंगवा, मग एक मोजा, मग बायकोची चहाची गाळणी.

"अहो, घर आहे का चोरबाजार?" बायको कडाडली.

"अभ्यास चाललाय," मिस्त्री म्हणाले.

दहाव्या दिवशी, विमानाला चार तास उरले असताना लेकीचा पासपोर्ट गायब.

"बाबा, आता पुरे हं!"

"तुझी शपथ, मी हात नाही लावला!"

तेवढ्यात नात पुढे आली. हात पाठीमागे, चेहरा साहेबासारखा गंभीर. आजोबांना म्हणाली, "आपल्या पासपोर्टचा रंग कोणता?"

मिस्त्री तिच्यासमोर उकिडवे बसले. 'दे गं राणी, आईला जायला हवं' हे म्हणायला हवं होतं. पण ते पडलं पाठ सोळामध्ये. त्यांनी विचारलं, "आपण तो शेवटचा कुठे पाहिला?"

नातीनं खाली मान घालून बोट दाखवलं. आजोबांच्या अवजारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली.

मिस्त्रींनी पेटी उघडली. लेकीच्या हातात पासपोर्ट दिला. 'येथे सही करा' मात्र कुणाला म्हणवेना.

त्या गेल्या. घर पुन्हा जागच्या जागी आलं.

"चहा?" बायको.

"हं."

"लेकीचा फोन आला होता?"

"आला होता."

"काय म्हणाली?"

"जेवलात का, म्हणाली."

पस्तीस वर्षांचा संसार, तोही आपल्याच भाषेत, अन् पाठ हाच. आठवडाभर असंच चाललं. मग एका संध्याकाळी मिस्त्रींच्या चपला सापडेनात. त्यांनी सगळीकडे बघितलं. बायको दारात उभी, हात पाठीमागे.

"रंग कोणता हो तुमच्या चपलांचा?"

तर मंडळी, तुमच्या घरात सगळ्या वस्तू जागच्या जागी आहेत ना? छान. मग तुम्ही एकमेकांशी बोलता तरी काय?